धातूची पुष्पिका : जुन्या ड्रमांची कालनिश्चिती

कालनिश्चिती हा शब्द उच्चारला की मराठीच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे पोथी उभी राहते. कागदाचा पोत, शाईचा रंग, अक्षराचे वळण, शेवटच्या पानावरील पुष्पिका, तिच्यातील शक-संवत्सर आणि लेखनिकाचे नाव, अशा खुणांच्या आधारे ग्रंथाचा काळ कसा ठरवावा, हे आपण पदव्युत्तर वर्गांत शिकतो आणि पुढे शिकवतोही. ही विद्या पोथ्यांपुरती आहे, असा मात्र एक समज नकळत रुजतो. मनुष्याने घडवलेल्या आणि दुसऱ्या मनुष्याने वापरलेल्या कोणत्याही वस्तूला हेच प्रश्न विचारता येतात. ती केव्हाची, कोणाच्या हातची, आणि तिच्यात मागाहून काय शिरले? प्रस्तुत लेखात आम्ही हे प्रश्न साहित्यापासून वरकरणी फार दूरच्या एका वस्तूला विचारणार आहोत. ती वस्तू म्हणजे विसाव्या शतकातील अमेरिकन ड्रम, आणि पुरावा म्हणजे त्याच्यावरचे धातूचे सामान.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. आपल्या तबल्यात पुडीवरचा ताण चामड्याची वादी आणि लाकडी गट्टे यांनी सांभाळला जातो. पाश्चात्त्य लष्करी ढोलांतही एकेकाळी दोरी आणि चामड्याचे पट्टे हेच काम करीत. एकोणिसाव्या शतकात दोरीच्या जागी धातूचे बोल्ट येऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत आजच्या ड्रमची रचना बहुतांशी सिद्ध झाली. मधोमध लाकडाचे वा धातूचे खोड, त्यावर पुडी, पुडीला दाबून धरणारे कडे, त्या कड्यातून खाली येणारे ताणाचे बोल्ट, आणि ते बोल्ट ज्यांत फिरतात ते खोडावर बसवलेले धातूचे ठोकळे. या ठोकळ्याला ड्रमवाले ‘लग’ म्हणतात. आपल्याकडे नट-बोल्टांची ढोलकी वाजवणाऱ्यास ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. याखेरीज खोडावर निर्मात्याचा बिल्ला, आतून पुडीचा गुंजारव आवरणारी नमद्याची गादी, स्नेअर ड्रमच्या खाली तारांची पट्टी ताणणारी कळ, आणि ड्रम एकमेकांना जोडणारे दांडे असतात. या प्रत्येक भागाला स्वतःचे चरित्र आहे. पुडी फाटते, बदलली जाते. लाकूड शंभर वर्षांपूर्वीचे असो वा पन्नास, वरून पाहता फारसे बोलत नाही. धातूचे सामान मात्र कारखान्याच्या साच्यातून आलेले असल्याने साचा बदलला की त्याचे रूपही बदलते. म्हणून कालनिश्चितीत त्याची साक्ष मोलाची ठरते.

लगांचेच पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत चांगल्या प्रतीच्या ड्रमांवर पितळेची बारीक नळी लगाचे काम करी. नळीच्या दोन्ही तोंडांतून बोल्ट आत जात आणि ती खोडावर एका छोट्या खुंटीने उभी राही. 1930 च्या दशकात साच्यात ओतलेले, पोकळ, जाडसर लग प्रचारात आले. त्या काळी मोटारी, आगगाड्यांची इंजिने, रेडिओचे संच यांना एक ओघवती, वाऱ्याला कापत जाणारी घडण देण्याची चाल पडली होती. तिची छाया या लगांवर स्पष्ट दिसते. स्लिंगरलँड कंपनीने तर आपल्या लगाला त्याच अर्थाचे ‘स्ट्रीमलाइन’ हे नाव दिले. मुलामाही काळ सांगतो. जुन्या ड्रमांवर निकेलचा मुलामा असे. वयाबरोबर तो किंचित पिवळट, उबदार होतो. पुढे क्रोमियम आले. त्याची झाक निळसर आणि थंड राहते. सरावलेला डोळा हा भेद क्षणात ओळखतो, जसा पोथ्यांचा जाणकार देशी हातकागद आणि गिरणीचा कागद बोटांनीच ओळखतो.

आता बिल्ल्याकडे वळू. पोथीतील पुष्पिकेच्या जागी ड्रमवर बिल्ला असतो, आणि पुष्पिकेप्रमाणेच तो एकाच वेळी सर्वांत बोलका व सर्वांत संशयास्पद साक्षीदार असतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे लुडविग घराण्याचा इतिहास. विल्यम एफ. लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी 1909 मध्ये शिकागोत ‘लुडविग अँड लुडविग’ ही कंपनी काढली. बेस ड्रम पायाने वाजवण्याच्या त्यांच्या वेगवान पेडलवर तिचा आरंभ झाला. थिओबाल्ड 1918 मध्ये वारला. पुढे दशकअखेरीच्या मंदीच्या तोंडावर ही कंपनी एल्कहार्ट येथील कॉन या वाद्यनिर्मात्यांकडे गेली. इंडियानापोलिसची लीडी ही दुसरी नामांकित ड्रम कंपनीही कॉननेच घेतली होती. काही वर्षे कॉनकडे काढून विल्यम बाहेर पडला आणि 1937 मध्ये त्याने शिकागोत पुन्हा कारखाना उभारला. परंतु स्वतःचे आडनाव त्याने विकून टाकलेले होते. आता ते त्याला आपल्याच ड्रमवर घालता येईना. म्हणून नव्या बिल्ल्यावर केवळ आद्याक्षरे आली : डब्ल्यू. एफ. एल. इकडे कॉनने 1950 मध्ये आपल्या दोन्ही नावांची मोट बांधून ‘लीडी अँड लुडविग’ असा बिल्ला चालवला. शेवटी 1955 मध्ये कॉनने ड्रमांचा व्यवसाय सोडला. लीडीचे नाव स्लिंगरलँडकडे गेले, आणि लुडविग हे नाव विल्यमने व त्याच्या मुलाने परत विकत घेतले.

म्हणजे 1937 ते 1955 या अठरा वर्षांत ‘लुडविग’ असे लिहिलेला ड्रम लुडविगचा नव्हता, आणि लुडविगच्या हातचा जो होता त्यावर ते नाव नव्हते. ग्रंथकर्तृत्वाच्या चर्चेत आपण नाममुद्रेविषयी जे विद्यार्थ्यांना बजावतो तेच येथे धातूवर कोरलेले आहे. ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा आहे एवढ्यावरून अभंग तुकोबांचा ठरत नाही, आणि मुद्रा नाही एवढ्यावरून तो परका ठरत नाही. मुद्रा कोणत्या काळात कोणाच्या हाती होती, हे आधी शोधावे लागते.

बिल्ल्यावरील गावाचे नाव हीही अशीच एक खूण. स्लिंगरलँडचा कारखाना 1960 मध्ये शिकागो शहरातून जवळच्या नाइल्स या गावी गेला. तेव्हा ‘नाइल्स’ असे लिहिलेला बिल्ला त्यापूर्वीचा असू शकत नाही. लुडविग कंपनी 1981 मध्ये सेल्मर या उद्योगसमूहाने घेतली आणि काही वर्षांतच उत्पादन उत्तर कॅरोलायनातील मनरो येथे गेले. त्यानंतरच्या बिल्ल्यावर शिकागो नसून मनरो आहे. ग्रेच कंपनीच्या बाबतीत बिल्ल्याचा आकारच युगाची नावे ठरवून बसला आहे. ब्रुकलिनमध्ये तयार झालेल्या तिच्या ड्रमांवर मधोमध हवेचे भोक असलेला गोल बिल्ला असे. 1967 मध्ये कंपनी बॉल्डविनकडे गेली, उत्पादन आर्कान्सा राज्यातील बूनव्हिलला हलले, आणि 1971 च्या सुमारास गोल बिल्ला जाऊन अष्टकोनी आला. संग्राहक मंडळी आजही ‘गोल बिल्ल्याचे ग्रेच’ असे एका विशिष्ट आदराने म्हणतात. त्या आदरात ब्रुकलिनचा कारखाना, कंपनीची कौटुंबिक मालकी आणि 1950 च्या दशकातील जॅझ हे सगळे एकवटलेले आहे. कंपन्यांच्या विक्रीचा, स्थलांतराचा, कामगारांच्या विस्थापनाचा सारा इतिहास त्या रुपयाएवढ्या पत्र्यावर उतरलेला असतो.

यानंतर प्रश्न येतो आकड्यांचा, आणि येथेच नवशिके फसतात. ज्यावर क्रमांक आहे त्याचा काळ सहज कळणार, असे कोणालाही वाटेल. लुडविगने 1960 च्या सुमारास कमानीच्या कळीच्या दगडाच्या आकाराचा बिल्ला आणला. त्यावर आरंभी क्रमांक नव्हता. 1963 संपता संपता क्रमांक येऊ लागला. नेमक्या याच वळणावर 9 फेब्रुवारी 1964 हा दिवस येतो. त्या रात्री एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स वाजले. सुमारे 7 कोटी 30 लाख प्रेक्षकांनी तो कार्यक्रम पाहिला, आणि रिंगो स्टारच्या बेस ड्रमच्या दर्शनी पुडीवर बीटल्सच्या नावाबरोबर ‘लुडविग’ हे नावही त्यांनी वाचले. आदल्या वर्षी लंडनमधील आयव्हर आर्बिटर यांच्या दुकानात रिंगोने रंग पाहून तो संच पसंत केला होता आणि कंपनीचे नाव पुडीवर रंगवले गेले होते. अमेरिकेतील घराघरांतून त्या ड्रमांची मागणी सुरू झाली आणि शिकागोतील कारखाना रात्रंदिवस चालू लागला.

अशा गर्दीत क्रमांकाचे काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. बिल्ले खोक्यात भरून येत. कामगार हात घाली आणि जो बिल्ला हाती येईल तो ड्रमला ठोकी. खोक्यातील तळचे बिल्ले महिनोन्महिने तळीच राहत. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच गिऱ्हाइकासाठी बाहेर पडलेल्या चार ड्रमांच्या क्रमांकांत हजारोंचे अंतर सापडते. आकडा चढता असतो, काळ मात्र त्याच्या मागोमाग चढत नाही. याउलट, याच काळातील पुष्कळ ड्रमांच्या आतल्या बाजूस लाल शाईत तारखेचा शिक्का मारलेला आढळतो. तो गिऱ्हाइकाने पाहावा म्हणून मारलेला नव्हता. कारखान्याच्या आपसातील व्यवहाराची ती नोंद होती. म्हणूनच ती अधिक विश्वसनीय. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. राजाने स्वतःविषयी खोदवून घेतलेल्या शिलालेखापेक्षा कोठारातील धान्याची मोडी याद अनेकदा अधिक खरे बोलते, कारण तिला कोणावर छाप पाडायची नसते.

आतल्या बाजूची आणखीही साक्ष असते. लुडविगने खोडाच्या आत आधी पांढरा रंग दिला, 1960 च्या दशकाच्या आरंभी करडा ठिपकेदार रंग आणला आणि दशकाच्या अखेरीस तो सोडून लाकूड दिसू देणारे पारदर्शक रोगण घेतले. 1976 च्या सुमारास तीन थरांचे, वरखाली आधाराची कडी असलेले खोड जाऊन सहा थरांचे, बिनकड्याचे खोड आले. आता समजा, बाहेर क्रमांक नसलेला 1960-63 चा बिल्ला आहे आणि आत सहा थर आहेत. येथे दोन साक्षीदार एकमेकांस खोटे पाडतात. बिल्ला काढून बसवता येतो, खोडाचे थर बदलता येत नाहीत. कोणाचे म्हणणे मानायचे, हे सांगण्याची गरज नाही.

सर्वांत हृद्य पुरावा मात्र महायुद्धाचा आहे. 1942 मध्ये अमेरिकेच्या युद्धोत्पादन मंडळाने वाद्यांतील धातूवर कडक निर्बंध घातले. ड्रममध्ये धातूचे प्रमाण वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक असू नये, असा दंडक आला. पितळ, पोलाद, जस्त सारे तोफा-विमानांकडे वळले. ड्रम तर धातूच्या ताणावर उभा! तेव्हा कारखान्यांतील सुतारांनी लाकडाचे लग कोरले, कडी लाकडाची केली. ताणाचे बोल्ट आणि थोडेथोडके सामान एवढाच धातू उरला. त्या ड्रमांना दिलेली नावेही युद्धाचीच. डब्ल्यू. एफ. एल.ची मालिका ‘व्हिक्टोरियस’, तर स्लिंगरलँडची ‘रोलिंग बॉम्बर’. ड्रमवर लाकडी लग दिसले की जाणकार क्रमांक विचारत नाही, बिल्लाही पाहत नाही. 1942 ते 1945 हा काळ त्या लाकडात स्वतःच लिहिलेला असतो. येथे आम्हांस असे वाटते की वस्तूतील उणीव हा तिच्यातील सर्वांत प्रामाणिक मजकूर असतो. समृद्धीच्या काळातील लगांची नक्कल पुढे कोणीही करील. टंचाईने घडवलेली वस्तू मात्र टंचाईबाहेर कोणी सहसा घडवीत नाही.

दोषांचाही असाच उपयोग होतो. ओहायोतील रॉजर्स कंपनीने 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘स्विव्होमॅटिक’ नावाचे जोडकाम आणले. षट्कोनी दांडा आणि गोलकाचा सांधा अशी ती योजना होती, आणि टॉम ड्रम हव्या त्या कोनात स्थिर ठेवण्यात ती त्या वेळी सर्वांच्या पुढे होती. याच कंपनीचे त्या काळातील लग मात्र पितळेचा पत्रा दाबून केलेले होते. ताण वाढला की त्यांना चिरा पडत. 1960 च्या दशकाच्या मध्यास कंपनीने ते सोडले आणि साच्यात ओतलेले, बीव्हर या प्राण्याच्या शेपटीसारखे दिसणारे मजबूत लग घेतले. 1966 मध्ये कंपनी सी. बी. एस.ने विकत घेतली. म्हणून तडा गेलेला लग हा रॉजर्सच्या ड्रमचा जणू जन्मदाखला आहे. लुडविगच्या धातूच्या स्नेअर ड्रमचीही अशीच गोष्ट. 1960 च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत तो पितळेचा होता. 1963 च्या सुमारास खोड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे झाले. दोन्हींवर क्रोमियमचाच मुलामा असल्याने दूरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही. पण हातात घेतल्यावर पितळेचा ड्रम जड लागतो, आणि ॲल्युमिनियमवरचा मुलामा कालांतराने बारीक फोड येऊन सोलवटतो. मुलामा सोलवटलेला पाहून गिऱ्हाईक नाक मुरडते. अभ्यासक मात्र तेथेच थांबून वाकून पाहतो.

या सर्व उदाहरणांतून काही नियम हाती लागतात. पहिला असा की वस्तूवरील सर्वांत जुना भाग तिचा काळ ठरवीत नाही. सर्वांत नवा मूळ भाग ठरवतो. कारखाने काहीही फेकून देत नसत. जुने लग, जुने बिल्ले, जुनी कडी संपेपर्यंत नव्या ड्रमांवर लागत. म्हणून 1955 पूर्वीच्या साच्यातील एखादा भाग 1957 च्या ड्रमवर सहज सापडतो. परंतु जो भाग 1960 मध्ये प्रथम घडला तो 1957 च्या ड्रमवर मुळातून असू शकत नाही. पोथीत इंग्रजी अमदानीतील शब्द आला तर ती पोथी, निदान तो भाग, त्यापूर्वीचा नाही, असे आपण म्हणतो ते याच न्यायाने. दुसरा नियम असा की साक्षीदार परस्परांपासून स्वतंत्र असावेत. बिल्ला, लग, आतला रंग, थर, शिक्का हे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या टेबलांवर बसवलेले असतात. ते एकमताने बोलले तर त्या एकमताला वजन आहे. तिसरा नियम भोकांचा. ड्रमच्या खोडाला पाडलेले भोक बुजवता येते, पण नाहीसे करता येत नाही. मूळ आराखड्यात नसलेले भोक म्हणजे कोणीतरी कधीतरी केलेला प्रक्षेप. कधी ते प्रक्षेपही नसते. 1920 च्या दशकात बेस ड्रमच्या आत विजेचा दिवा बसवण्याची सोय असे. दमट हवेत वासराच्या कातड्याची पुडी सैल पडू नये म्हणून तिला ऊब द्यावी आणि दर्शनी पुडीवर रंगवलेले चित्र रंगमंचावर उजळून निघावे, असा दुहेरी हेतू त्यात होता. 1957 च्या आसपास प्लास्टिकच्या पुड्या बाजारात आल्या आणि हवामानाशी चाललेले हे भांडणच मिटले. ज्याला दिव्याची गोष्ट ठाऊक नाही तो त्या भोकाला विद्रूपीकरण समजून बुजवील, आणि एका युगाची नोंद पुसली जाईल.

भाग काढून टाकला तरी त्याची छाया उरते, हेही ध्यानी घ्यावे. ड्रमच्या रंगीत आवरणावर वर्षानुवर्षे उजेड पडतो आणि ते फिके होते. लगाखालचा आणि बिल्ल्याखालचा तुकडा मात्र मूळ रंगाचा राहतो. लग काढला की त्याच्या आकाराचा गडद ठसा दिसतो. ठसा एका आकाराचा आणि त्यावर बसलेला लग दुसऱ्या आकाराचा असेल, तर सामान बदललेले आहे. बोल्टाचे आटेही बोलतात. अमेरिकन ड्रमांत सामान्यतः बारा नंबरचा, इंचाला चोवीस आट्यांचा बोल्ट असतो. त्या जागी मिलिमीटरच्या मापाचा बोल्ट जबरीने पिळून बसवलेला आढळला तर तो ड्रम आपल्या मायदेशाबाहेर, किंवा निदान आपल्या कारखान्याच्या आवाक्याबाहेर, कोठेतरी दुरुस्त झालेला आहे, असा संशय घ्यावा.

हा संशय आपल्याला मुंबईत आणून सोडतो. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवण्यास आला. त्या काळापासून मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या व पारशी समाजातील वादकांनी हे पाश्चात्त्य तालवाद्य आपलेसे केले. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुजी या एका कुटुंबाचे नाव घेतले तरी चित्रपटसंगीताच्या तालाचा केवढा तरी भाग डोळ्यांपुढे येतो. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (2012) आणि ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (2008) या पुस्तकांनी ह्या वादकांचा इतिहास वाचकांसमोर आणला. मात्र त्यांच्या वाद्यांचा इतिहास अजून वाचला जायचा आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर परवान्यांची बंधने आली. अशा काळात तुटलेला लग परदेशाहून मागवणे सोपे नव्हते. एखाद्या जुन्या मुंबईकर ड्रमवर लेथवर घडवलेला बोल्ट, डागून जोडलेले कडे किंवा घरगुती ओतकामाचा लग आढळला, तर शिकागो किंवा न्यूयॉर्कचा संग्राहक त्यास ‘अस्सल नाही’ म्हणून बाजूस सारील. आमच्या मते तेथेच त्या वाद्याचे भारतीय चरित्र सुरू होते. कारखान्याचा इतिहास त्याच्या बिल्ल्यावर आहे. ज्याने ते वाजवून पोट भरले त्याचा इतिहास त्या ओबडधोबड बोल्टावर आहे.

येथे मुद्दा निव्वळ तांत्रिक राहत नाही. जुन्या ड्रमांना किंमत येऊ लागली तसा ‘जीर्णोद्धारा’चा धंदाही वाढला. भोके बुजवली जातात, नवा मुलामा चढतो, फिके आवरण सोलून ताजे लावले जाते, आणि जुळणारा बिल्ला दुसऱ्या मोडक्या ड्रमवरून काढून येथे ठोकला जातो. परिणामी वस्तू कारखान्यातून आली तशी दिसते, आणि मधल्या साठ वर्षांत तिच्यावर कोणी हात चालवला याचा मागमूस उरत नाही. यात नेहमीच फसवणुकीचा हेतू असतो असे नाही. पुष्कळदा ते प्रेमच असते. पण प्रेमानेही पुरावा नष्ट होतो.

आपल्या परंपरेत शुद्धीकरणाचे एक थोर उदाहरण आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्यांची भर घालू नये अशी ताकीदही दिली. त्या कार्याविना ज्ञानेश्वरी आज जशी आपल्याला भेटते तशी भेटली नसती. तरीही पाठचिकित्सेचा प्रत्येक अभ्यासक मनात एक खंत बाळगून असतो : ज्या प्रती समोर ठेवून नाथांनी निवड केली त्या प्रती आपल्याला पाहता आल्या असत्या तर! शुद्ध पाठ मिळाला, परंतु ज्या अशुद्धांतून तो निवडला गेला त्यांची भाषा, त्यांचे लेखनिक, त्यांचे प्रदेश आपल्या हाती राहिले नाहीत. ड्रमच्या जीर्णोद्धारकाला नाथांची योग्यता नसते, पण तो तीच जोखीम पत्करतो. म्हणून जाणत्या संग्राहकांत आता काही शिस्त रूढ होताना दिसते. काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा, बदलण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, जुने भोक शक्यतो बुजवू नये, आणि विकताना काय मूळचे व काय मागाहूनचे हे स्पष्ट सांगावे. संपादित ग्रंथाच्या तळटीपेत पाठभेद देण्याची जी शिस्त, तीच ही.

साहित्याच्या वर्गात हा विषय आणण्याचे आमचे प्रयोजन आता स्पष्ट व्हावे. विद्यार्थी कालनिश्चितीचे नियम पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवतो. पण पोथी त्याच्या हाती क्वचितच येते. आली तरी तिच्या पावित्र्याच्या दडपणाखाली संशय घ्यायला तो कचरतो. ड्रमसारख्या लौकिक वस्तूपुढे असा संकोच नसतो. बिल्ला खोटा असेल, क्रमांक फसवा असेल, सामान दुसऱ्या देहावरून आलेले असेल, असे म्हणताना कोणाच्याही भावना दुखावत नाहीत. तेथे संशयाचा सराव करून मग पोथीकडे वळावे. तोच प्रश्न आदराने, पण न भिता, विचारता येतो : हा भाग केव्हा आला, कोणाच्या हातून आला, आणि त्याच्याखालचा ठसा कोणत्या आकाराचा आहे?

आणखी एक गोष्ट. बिल्ल्यावर लुडविग, स्लिंगरलँड, ग्रेच ही मालकांची नावे आहेत. ज्याने खोक्यात हात घालून मिळेल तो बिल्ला ठोकला, ज्याने आत लाल शिक्का उमटवला, ज्या सुताराने युद्धाच्या काळात लाकडाचा लग कोरला, त्यांची नावे कोठेही नाहीत. आपल्या पोथ्यांच्या पुष्पिकांत निदान लेखनिक स्वतःचे नाव घालतो, पाठ, कंबर आणि मान मोडून आपण हे लिहिले अशी तक्रारही करतो, आणि वाचणाऱ्याकडे चुकांची क्षमा मागतो. शिकागोच्या कामगाराला तेवढीही जागा मिळाली नाही. त्याची सही म्हणजे थोडा तिरपा बसलेला बिल्ला, क्रमातून निसटलेला आकडा आणि किंचित पुसट शिक्का. कालनिश्चितीचे शास्त्र ज्यांना अनियमितता म्हणून बाजूला ठेवू पाहते, त्यांतच त्याचा हात आहे. तो वाचता आला पाहिजे.